गाडी रात्री कुठे उभी राहील?

मंगळवार, ३

धाकट्याने आज दुपारच्या चहाला माझ्या टेबलावर एक जाड लिफाफा ठेवला. म्हणाला, "ताई, जरा वाचून सांग, ऑफर बरी आहे का." मी काही विचारायच्या आत वजनांची पेटी उचलून व्हॅनकडे गेला. चहा तसाच टाकून.

लिफाफ्यात एका आलिशान विजेच्या गाडीच्या लीजचे कागद. अठरा पानं. गाडी विकत घ्यायची नाही. तीन वर्षं वापरायची, दरमहा हप्ता भरायचा आणि मग परत करायची. करार आमच्या फर्मच्या नावाने, म्हणजे दोघा भागीदारांच्या सह्या हव्यात. त्याची झालेली आहे. माझी जागा मोकळी. मुदत अठ्ठावीस तारखेपर्यंत.

आमचं काम काटे तपासण्याचं. दुकानांतले, प्रयोगशाळांतले, औषधवाल्यांचे. मी इथे कार्यशाळेत टेबलावर तपासते, तो व्हॅन घेऊन गिऱ्हाइकांकडे जातो. सत्तावीस वर्षं हेच. मी चौसष्टची, तो छप्पन्नचा. आई गेल्यावर त्याला मीच वाढवला, आणि चार वर्षांपूर्वी त्याची बायको गेल्यापासून पुन्हा मीच त्याच्याकडे बघते.

आजवर त्याने स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. म्हणून हे त्याच्या डोक्यातलं वाटत नाही. कोणीतरी भरवलंय.

हप्ता दोनदा वाचला. आपल्या म्हाताऱ्या व्हॅनला डिझेल आणि गॅरेज मिळून महिन्याला लागतं, त्याहून जरासा जास्त. काचेचं छप्पर आणि चामड्याच्या सीटची गाडी एवढ्यात कोणी देत नाही. पाणी कुठेतरी मुरतंय.

बुधवार, ४

कामाआधी दीड तास कागद वाचले. पहिल्या दोन पानांवर स्वागत आहे, अभिनंदन आहे, आपल्या दूरदृष्टीला सलाम आहे. अटी पाचव्या पानापासून बारीक टायपात सुरू होतात. ज्याला काही लपवायचं नसतं त्याला टाइप लहान करावा लागत नाही.

तिसऱ्या वर्षी हप्ता वाढवण्याचा हक्क त्यांच्याकडे. परत देताना ओरखडा दिसला तर भरपाई, पण ओरखडा केवढा ते लिहिलेलं नाही. ठरल्यापेक्षा जास्त किलोमीटर झाले तर दंड. आणि सगळ्यांत नामी ही: परत करताना बॅटरीची क्षमता ऐंशी टक्क्यांच्या खाली नसावी. मोजणार कोण? तेच. काटा दुकानदाराचा, वजन दुकानदाराचं आणि जोखणारा हातही त्याचाच.

धाकट्याला विचारलं, ही गाडी तुला सुचवली कोणी? म्हणाला, कोणी नाही, रस्त्याने जाताना बघितली. त्याचा चेहरा खोटं बोलताना कानांपाशी लाल होतो. झाला.

शेवटची दोन पानं, अर्जाची, उद्यासाठी ठेवली. तिथे फक्त नाव-पत्ता असतो.

गुरुवार, ५

शोरूमला गेले. न सांगता जाणं केव्हाही चांगलं.

विक्रेता तिशीतला, आवाज असा की पांघरुणासारखा अंगावर घ्यावा. मी मनातल्या मनात त्याचं नाव मखमल ठेवलं. धाकट्याचं नाव सांगितल्यावर तो उभाच राहिला. "म्हणजे तुम्हीच ताई," म्हणाला. याला माझ्याबद्दल काय काय माहीत आहे, आणि का?

गाडी दाखवली. दाराच्या कड्या पत्र्यात दडलेल्या. जवळ गेलं की आपोआप बाहेर येतात, भुरट्या चोरासारख्या. आत बसवलं. मागची सीट ऊबदार होते, पुढे-मागे होते. पाठीला बरं वाटलं हे नाकारत नाही. पण आरामखुर्चीसाठी कोणी अठरा पानांवर सही करत नाही.

सरळ विचारलं, एवढी स्वस्त का? म्हणाला, मॅडम, सहा महिन्यांत नवं मॉडेल येतंय, हे पडून आहे. मी म्हटलं, पडून आहे ते दाखवा. तो मला मागच्या आवारात घेऊन गेला. अकरा गाड्या उभ्या. टपांवर धुळीचा थर. बोट फिरवून पाहिलं, काही आठवड्यांचा तरी असेल. धूळ आदल्या दिवशी पसरता येत नाही.

दुसऱ्या दोन शोरूमनाही फोन केला. एकाचा हप्ता याच्यापेक्षा जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने जास्त; दुसरा 'पाठवतो' म्हणाला. तीन आकडे हातात आल्याशिवाय मी स्टूलसुद्धा घेत नाही.

म्हणजे गाडी खरी, कारण खरं, हप्ता खरा. मग खोटं काय आहे?

शनिवार, ७

भाचीचा फोन. धाकट्याची मुलगी, दुसऱ्या शहरात एका दवाखान्यात काम करते. एरवी रविवारी फोन करते. आज शनिवारी, आणि तिसऱ्याच वाक्याला गाडीवर आली.

"आत्या, कागद सगळे वाचलेस? शेवटपर्यंत?"

मी म्हटलं, अटी वाचल्या, अर्ज राहिलाय.

"अर्ज वाच. नीट वाच. आणि प्लीज, वाचल्यावर लगेच काही बोलू नकोस. एक दिवस जाऊ दे."

म्हणजे हिलाही त्यांनी गाठलंय. बापलेक एकाच विक्रेत्याच्या पाशात. मी तिला सांगितलं की ज्यांना आवळा देऊन कोहळा काढायचा असतो, ते घरातल्या सगळ्यांना एकेक आवळा वाटतात. ती हसत सुटली, आणि मग म्हणाली, आत्या, काखेत कळसा नि गावाला वळसा. कसला कळसा ते सांगितलं नाही. आजकालच्या मुलांना म्हणी येतात, त्या कुठे वापरायच्या ते येत नाही.

सोमवार, ९

दंडाची अट बघायची म्हणजे आपण मुळात किती फिरतो ते पाहिलं पाहिजे. म्हणून भेटींची वही काढली. धाकटा प्रत्येक भेट लिहितो: गिऱ्हाईक, अंतर, काटा कोणता, दोष काय. अक्षर लहानपणापासून चांगलं आहे, मीच गिरवून घेतलंय.

वहीत भलतंच सापडलं. पुलापलीकडे एक औषधाचं दुकान आहे, चालवणाऱ्या बाई एकट्या आहेत. त्यांच्याकडे औषधं मोजायचा एक लहान काटा. असा काटा वर्षातून दोनदा तपासला की पुरतो. या वर्षात धाकटा तिथे अकरा वेळा गेलाय. आणि अकराही वेळा शेरा एकच: दोष आढळला नाही.

ज्या काट्याची वर्षात अकरा वेळा तक्रार येते आणि दोष एकदाही सापडत नाही, तो काटा मधूनच दगा देणारा असणार. तपासणारा आला की सरळ, तो गेला की वाकडा. असे काटे मी पाहिलेत. टेबल हलतं किंवा शेजारी पंखा असतो. धाकट्याला म्हटलं, त्या बाईंना नवा काटा घ्यायला सांग, तुझ्या फेऱ्या वाचतील. तो म्हणाला, फेऱ्यांचं काही नाही. मी म्हटलं, तुला नसेल, मला आहे. प्रत्येक वेळी अर्धा दिवस जातो. कान पुन्हा लाल. त्याला वाटत असेल मी कामात खोट काढतेय.

एकूण हिशेब असा की कामाचं फिरणं सगळं व्हॅनचं. त्याचं घर इथून तीन मिनिटांवर, तो चालत येतो. ही गाडी मुळात फिरणार कुठे?

बुधवार, ११

आज अर्ज वाचला. वाचलं म्हणून बरं. दोन पानांत तीन चुका.

एक: 'गाडी रात्री कुठे उभी राहील' हा रकाना विम्यासाठी असतो आणि तिथेच ते भिंतीला चार्जर बसवून देतात. पत्ता टाइप केलाय: ९, वरची गल्ली, पुलापलीकडे. पुलापलीकडे आपलं कोण आहे? ते एक औषधाचं गिऱ्हाईक सोडलं तर कोणी नाही. दुसऱ्या कुणाच्या अर्जातला पत्ता इथे चिकटवलाय. बेफिकिरी म्हणा किंवा त्याहून वाईट. गाडीचा विमा भलत्या पत्त्यावर, म्हणजे उद्या चोरीला गेली की हात वर.

दोन: 'गाडी चालवणारी दुसरी व्यक्ती'. तिथे एका बाईचं नाव. मी हे नाव कधी ऐकलेलं नाही. गाडी आमची, सही आमची, आणि चालवणार कोण तर ही कोण कुठली. शोरूममधलीच कुणी असणार.

तीन: वर्षाचे किलोमीटर चौदा हजार. मोठा आकडा म्हणजे मोठा हप्ता. तीन मिनिटांवर राहणाऱ्या माणसाला चौदा हजार किलोमीटर कशाला लागतात?

तिन्ही दुरुस्त केल्या. पत्ता खोडून त्याच्या घराचा लिहिला. बाईचं नाव खोडलं. चौदाचे सहा केले. सहासुद्धा संपणार नाहीत. प्रत्येक ठिकाणी आद्याक्षरं घातली. मन निवांत झालं. चोर पकडला की जे वाटतं ते.

गुरुवार, १२

अर्ज धाकट्याला परत दिला. सांगितलं, अटी कडक आहेत, पण ऑफर अगदीच वाईट नाही. अर्जात मात्र तीन चुका होत्या, त्या काढल्या. आता एवढं मान्य करून घे, मग मी सहीचा विचार करते.

तो पान बघत उभा राहिला. तीन ओळी बघायला पाच मिनिटं लागली. चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक.

"सगळं वाचलंस?" म्हणाला.

"ओळ न् ओळ."

"आणि ह्या तुला चुका वाटल्या."

"वाटल्या नाहीत. होत्याच."

त्याने कागदाची घडी घातली, मग घडीची घडी, आणि खिशात ठेवला. म्हणाला, बरं. मग बाहेर जाऊन व्हॅनची काच पुसत बसला. काच स्वच्छ होती.

मंगळवार, १७

धाकटा गाडीचं नाव काढत नाही. पाच दिवस झाले. माझं म्हणणं पटलं असावं.

बोलतही नाही फारसा. सकाळी येतो, यादी घेतो, जातो. दुपारचं जेवण व्हॅनमध्येच करतो म्हणे. काल एका गिऱ्हाइकाचा फोन आला की तपासून झाल्यावर काट्यावर सील लावायचं विसरले. सत्तावीस वर्षांत तो सील विसरलेला नाही.

भाचीला फोन केला. तिने एवढंच म्हटलं, "आत्या, बाबांनी मला सांगितलं तू काय केलंस." आवाज असा, जणू मी कुणाचा खून केलाय. एक पत्ता दुरुस्त केला तर एवढं? मी म्हटलं, मी तुमच्यासाठीच करते. ती म्हणाली, माहीत आहे, म्हणून तर कोणी काही बोलत नाही.

पुढचे दोन तास हे वाक्य डोक्यात राहिलं. काम नीट झालं नाही. उद्या चौकशी करायला हवी. कशाची, ते मात्र कळत नाही.

गुरुवार, १९

मखमलचा फोन. थेट मला. म्हणाला, सरांनी काल येऊन ऑफर रद्द करायला सांगितली. अजून रद्द केलेली नाही, अठ्ठावीसपर्यंत ठेवतो. मी म्हटलं, रद्द तर रद्द, तुमचं काय जातं? तुमच्याकडे अजून दहा पडून आहेत.

तो म्हणाला, "मॅडम, राग मानू नका. तुम्ही अर्जात पत्ता खोडलात. ती आमची चूक नव्हती. सरांनी माझ्यासमोर बसून हाताने लिहून दिला होता, मी फक्त टाइप केला. तो कागद आहे माझ्याकडे. हवा तर येऊन बघा."

विकायला निघालेला माणूस पुरावा दाखवतो म्हणतो, तेव्हा पुरावा आधीच तयार केलेला असतो. उद्या जाते. भिंग घेऊन जाते.

शुक्रवार, २०

भिंगाची गरज पडली नाही. अक्षर त्याचंच. मी गिरवून घेतलेलं.

पत्ता तसाच: ९, वरची गल्ली. खाली खूण लिहिलीय: औषधाच्या दुकानाच्या वर, दुसरा मजला. त्याखाली त्या बाईंचं नाव. आणि त्याखाली किलोमीटरांचा हिशेब, आडवा-उभा, आम्ही कार्यशाळेत मांडतो तसा.

'तिथून कार्यशाळा २४. जाऊन-येऊन ४८. आठवड्याचे पाच दिवस, वर्षाचे ४८ आठवडे: ११,५२०.'

'ताईला एकाआड एक रविवारी आणणं आणि सोडणं, ९६ गुणिले २६: २,४९६.'

'एकूण १४,०१६. म्हणजे १४,०००.'

मी हिशेब तपासला. बरोबर होता. दुसऱ्यांदा तपासला.

मखमल पाणी घेऊन आला. म्हणाला, सरांना मागची सीट ऊबदार हवीच होती, म्हणून हे मॉडेल. पुढे बसणाऱ्याला काहीही चालेल म्हणाले. मी विचारलं, तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत? तो म्हणाला, "सरांनी सांगितलं होतं, ताईंना काही सांगू नका, त्या वाचतील."

वाचलं होतं. ओळ न् ओळ.

बसने परत आले. एक स्टॉप पुढे जाऊन उतरले.

शनिवार, २१

वजनांची लहान पेटी घेतली आणि पुलापलीकडे गेले. काटा तपासायला आलेय असं सांगितलं. खोटं नव्हतं.

बाई पन्नाशीच्या असतील. केस आखूड, पांढरा कोट, नखं कापलेली. दुकान टापटीप, बाटल्यांच्या चिठ्ठ्या सगळ्या एका दिशेला. हे मला आवडलं आणि आवडल्याचा राग आला. त्यांनी मला ओळखलं, पण तसं दाखवलं नाही. दोन गिऱ्हाइकांना औषधं दिली, मग काटा पुढे सरकवला.

मी हातमोजे घातले, चिमट्याने एकेक वजन ठेवलं. टेबल दाबून पाहिलं. पंखा कुठे आहे ते पाहिलं. एक ग्रॅम, दोन, पाच, दहा. चढते आणि मग उतरते. केसाइतकासुद्धा फरक नाही.

"काटा बरोबर आहे," मी म्हटलं.

"तो कधी चूक नव्हताच."

"मग अकरा वेळा का बोलावलंत?"

"मी दोनदाच बोलावलं," बाई म्हणाल्या. "बाकी नऊ वेळा ते आपणहून आले."

मी वजनं पेटीत ठेवत राहिले. पाच ग्रॅमचं वजन त्याच्या खाचेत बसेना. बाई मदतीला आल्या नाहीत, हे बरं केलं. उघड्या हाताने वजनाला शिवलेलं मला चालत नाही, आणि हे त्यांना माहीत असावं.

मग त्यांनीच विषय काढला, शांतपणे, गोळ्या कधी घ्यायच्या ते सांगतात त्या सुरात. म्हणाल्या, ते येऊन म्हणाले ताई नको म्हणाली. मी म्हटलं, मी नको म्हटलेलं नाही, मी चुका दुरुस्त केल्या.

"तुम्ही माझं नाव खोडलंत. एका रेघेत. शेजारी आद्याक्षरंसुद्धा घातलीत."

दुकानात एक म्हातारे गृहस्थ खोकल्याचं औषध मागायला आले. बाईंनी त्यांना विचारलं, कोरडा की ओला.  ते गेल्यावर मी विचारलं, तुमचं घर दुसऱ्या मजल्यावर, मग चार्जर कुठे बसवणार? त्यांनी मला मागच्या अंगणात नेऊन भिंत दाखवली. भिंत चांगली आहे, विटांची, ओल नाही. मी ठोकून पाहिली.

निघताना पावती मागितली त्यांनी, तपासणीची. मी फाडून दिली. शेऱ्यात लिहिलं: दोष आढळला नाही.

सोमवार, २३

रविवारचा दिवस मी मुद्दाम धाकट्याशी काही न बोलता जाऊ दिला. भाचीने सांगितलं होतं एक दिवस जाऊ दे. तेव्हा ऐकलं नव्हतं.

काल बसून नवा अर्ज भरला, माझ्या हाताने. पत्ता, पुलापलीकडचा. दुसरी व्यक्ती, त्या बाई. किलोमीटर मात्र पंधरा हजार. चौदा हजार सोळा लागणार असताना चौदा हजार लिहिणं म्हणजे पहिल्याच वर्षी सोळा किलोमीटरांचा दंड. एवढी वर्षं काटे तपासून हा माणूस सोळा सोडून देतो.

सकाळी मखमलला फोन करून दोन अटी बदलून घेतल्या. ओरखडा बोटभर लांब असेल तरच भरपाई. आणि बॅटरी मोजायची तर दोघांना मान्य अशा तिसऱ्या माणसाकडून. तिसऱ्या वर्षीच्या वाढीवर तो हटला नाही. मी सोडलं. सगळंच जिंकलं तर समोरचा नंतर कुठेतरी वसूल करतो.

धाकटा आल्यावर अर्ज त्याच्यापुढे ठेवला. त्याने उभ्याउभ्याच वाचला. पत्त्यापाशी थांबला.

"ऑफर बरी आहे," मी म्हटलं. "तुझ्या पहिल्या अर्जातली फक्त एकच चूक खरी होती. किलोमीटरांची."

तो खाली बसला.  मग म्हणाला, "ताई, मी काम सोडत नाहीये."

"हिशेबात दिसलं मला. आठवड्याचे पाच दिवस."

"आणि तू —"

"तेही दिसलं."

मी सही केली. तो म्हणाला, तुला राग आलाय. मी म्हटलं, आलाय, पण कुणाचा ते अजून ठरलेलं नाही. तो हसला. बारा तारखेपासून पहिल्यांदा.

संध्याकाळी चार प्रमाणपत्रांवर तारीख चुकली. पेन खराब आहे.

शुक्रवार, ४

गाडी आली. मखमल स्वतः घेऊन आला. मी यादी घेऊन सगळीकडून फिरले. मागच्या उजव्या दारावर अर्ध्या बोटाचा ओरखडा सापडला. तो लिहून घेतला, फोटो काढायला लावला, सही घेतली. मखमल म्हणाला, मॅडम, आमच्याकडे नोकरी करता का? मी म्हटलं, तुम्हाला परवडणार नाही.

उद्या धाकटा सामान नेणार. खोकी जास्त नाहीत. चार वर्षांत त्याने नवं काही घेतलेलंच नाही, हे मला आज खोकी मोजताना कळलं.

धाकटा गाडी घेऊन गेला तेव्हा आवाज झाला नाही. मी पाठ फिरवून यादी फायलीत लावत होते. वळून पाहिलं तर रस्ता मोकळा. मला सांगून जायला हवं होतं. किंवा सांगितलंही असेल.

रविवार, १३

पहिला रविवार. साडेदहाला यायचं ठरलं होतं. मी साडेनवापासून तयार होते, कारण मला उशीर आवडत नाही. येणार नाहीत अशी शंका होती. पहिल्याच खेपेला काहीतरी निघतं, आणि मग ते नेहमीचंच होतं.

दहा सत्तावीसला गाडी आली. चालवत होत्या त्या बाई. धाकटा घरी स्वयंपाक करतोय म्हणाल्या. धाकटा आणि स्वयंपाक.  मागची सीट आधीच गरम करून ठेवलेली. मी पुढे बसले.

बाई गाडी नीट चालवतात. वळणावर आरसा बघतात. पूल लागला. मग मला वाटलं, एक गोष्ट सांगायला हवी, त्यांच्या उपयोगाची आहे. म्हटलं, धाकटा स्वतःसाठी कधी काही मागत नाही, लहानपणापासून. हवं असलं की कागदावर लिहून समोर ठेवतो आणि निघून जातो. सहलीला जायचं असलं की शाळेची चिठ्ठी माझ्या पुस्तकात ठेवायचा. तुम्ही कागद नीट वाचत जा. मी चुकले, तुम्ही चुकू नका.

बाईंनी गिअरसारखं काहीतरी हलवलं. थोड्या वेळाने, अगदी हळू, म्हणाल्या, "मला ते तोंडाने सांगतात."

मग मी बाहेर बघत बसले. पूल पुष्कळ लांब आहे. नदीला पाणी कमी होतं.

जेवण बरं झालं होतं. मीठ कमी, ते मी सांगितलं नाही. बाई खाली दुकानात कुणाला तरी औषध द्यायला गेल्या, तेव्हा धाकटा भांडी विसळत होता आणि मी पुसत होते. सहज विचारावं तसं विचारायचं ठरवलं होतं, पण आवाज नेहमीसारखाच निघाला, तपासणीचा.

"तुला आणखी काही हवंय का? कागद नको. तोंडाने सांग."

त्याने नळ बंद केला. मला वाटलं, आता म्हणेल काही नको.

"सोमवारी सुट्टी," तो म्हणाला. क्षणाचाही विचार न करता; कितीतरी वर्षं तयार असल्यासारखं.

मी हो म्हटलं. कशासाठी, हे विचारायचं जिभेवर आलं होतं. आत्ता हे लिहीपर्यंत विचारलेलं नाही.